महाराष्ट्र राज्य कसें जुळलें?

गेल्या एक मे रोजीं सकाळीं आमच्या हेंद्रेपाड्यांतील घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या नातीस सोसायटीच्या ध्वजवंदनानंतर ‘माझें राज्य’ या विषयावर पांच मिनिटें बोलावयाचें होतें. चहाच्या वेळीं ती वही घेऊन आमच्यासमोर बसली आणि तिनें विचारलें, “आजोबा, महाराष्ट्र केव्हांपासून आहे?” छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविलेल्या माणसाच्या जिभेवर असल्या प्रश्नाचें उत्तर तयार असतें. आम्हीं सांगितलें, “शिवाजी महाराजांपासून.” नातीनें तें लिहूनही घेतलें.

थोरली सून स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. तिचें माहेर नांदेडचें. वडील माणसाचें बोलणें खोडून काढणें तिच्या स्वभावांत नाहीं, पण त्या दिवशीं ती हळूच म्हणाली, “मामंजी, हें उत्तर इकडचें झालें. माझे आजोबा नांदेडास उर्दूंतून शिकले. सत्तेचाळीस सालच्या पंधरा ऑगस्टला इकडे झेंडे लागले, तेव्हां तिकडे निजामाचा अंमल होता. त्यांचा महाराष्ट्र केव्हांपासून धरावयाचा?” धाकटीचें माहेर अमरावतीचें. तिनें पोळी लाटतां लाटतां पुस्ती जोडली, “आणि आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांची राजधानी नागपूर होती, मुंबई नव्हे.” तेवढ्यानें धीर येऊन आमच्या सौभाग्यवतीही पुढें सरसावल्या. त्यांचे वाडवडील सावंतवाडीचे, म्हणजे संस्थानी प्रजा. याप्रमाणें तिघींनीं तीन दिशांनीं आम्हांस घेरलें, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

आमचा जन्म 1960 सालचा. म्हणजे हें राज्य आणि आम्ही एकाच वयाचे. असें असूनही वर्गांत आम्हीं महाराष्ट्राचा जो इतिहास सांगितला, तो रायगड, सातारा व पुणें या ठिकाणांपलीकडे फारसा गेला नाहीं. समोरच्या बाकावर एखादा परभणीचा किंवा यवतमाळचा मुलगा बसला असेल, त्याला त्यांत आपलें घर सांपडलें नसेल, ही गोष्ट आम्हांस कधीं सुचलीच नाहीं. पुढील मजकूर म्हणजे त्या चुकीची उशिरां केलेली दुरुस्ती आहे, असें वाचकांनीं समजावें.

नांव जुनें, राज्य नवें

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं ‘महाराष्ट्र’ हें नांव फार प्राचीन आहे. राज्य मात्र प्राचीन नाहीं. बदामीच्या चालुक्य घराण्यांतील दुसरा पुलकेशी याची प्रशस्ति ऐहोळे येथील देवळाच्या भिंतीवर शके 556, म्हणजे इसवी सन 634 मध्यें कोरली गेली. तिचा कर्ता रविकीर्ति नांवाचा जैन कवि. त्या प्रशस्तींत पुलकेशी हा नव्याण्णव हजार गांवें असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपति झाला, असें वर्णन आहे. वाचकांनीं दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. एक, त्या काळींही महाराष्ट्र एक नसून तीन होते. दुसरी, ज्या शिलालेखावर आपल्या नांवाचा इतका जुना पुरावा आहे, तो आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत आहे. नांवें राज्यांच्या सीमा पाळीत नाहींत, हेंच यावरून दिसतें.

भाषेचेंही तसेंच. संस्कृत नाटकांतील स्त्रिया पद्यें म्हणतात तीं बहुधा महाराष्ट्री प्राकृतांत. आणि दंडीनें आपल्या ‘काव्यादर्शां’त महाराष्ट्रांतील प्राकृतास उत्तम प्राकृत म्हटलें आहे. पुढें मराठी ग्रंथरचना सुरू झाली ती कोठें, हें पाहिलें तर पुण्यामुंबईकडील आम्हां मंडळींचा अभिमान थोडा उतरेल. महानुभावांचें ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालें तें वऱ्हाडांतील रिद्धपुरास. ज्ञानेश्वरी 1290 सालीं नेवाशास सांगितली गेली. ज्ञानेश्वरांचें मूळ गांव आपेगांव मात्र गोदाकांठीं पैठणाजवळचें. एकनाथ पैठणचेच, नामदेवांचें घराणें नरसीचें, आणि मुकुंदराजांची समाधि आंबेजोगाईस दाखवितात. त्या वेळची राजसत्ता देवगिरीच्या यादवांची, म्हणजे तीही मराठवाड्यांतच. आमच्या थोरल्या सुनेचा मुलूख या राज्यांत मागाहून आला खरा. परंतु या राज्याची भाषा ग्रंथांत प्रथम जेथें नांदली, त्यांत तिचा मुलूख अग्रभागीं होता.

फार लांब जाण्याचेंही कारण नाहीं. बदलापूरच्या अलीकडचें स्टेशन अंबरनाथ. तेथें वालधुनी नदीच्या कांठीं जें शिवमंदिर आहे, त्यांत शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा संस्कृत शिलालेख आहे. तें मंदिर उत्तर कोंकणच्या शिलाहारांचें. हे शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुराचे स्वामी’ म्हणवीत. आणि तें तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. आम्ही चाळीस वर्षें त्या देवळांत महाशिवरात्रीस जातों. पण ज्यांनीं तें बांधिलें, ते आपलें मूळ मराठवाड्यांत सांगत होते, ही गोष्ट आम्हीं घरांत कोणास सांगितली नव्हती.

एका भाषेचे चार धनी

1818 सालीं पेशवाई बुडाली. त्यानंतर मराठी बोलणारा मुलूख चार निरनिराळ्या धन्यांकडे वांटला गेला. पहिला वांटा मुंबई इलाख्याचा. त्यांत कोंकण, खानदेश, नाशिक, नगर, पुणें, सातारा, सोलापूर हे मराठी जिल्हे होते. पण त्याच इलाख्यांत गुजराथी व कानडी जिल्हे आणि 1936 पर्यंत सिंधही होता. दुसरा वांटा नागपूर-वऱ्हाडचा. नागपूरचें भोसल्यांचें राज्य 1854 सालीं खालसा झालें. वऱ्हाड प्रांत कर्जापोटीं व फौजेच्या खर्चापोटीं निजामानें 1853 सालीं इंग्रजांच्या हवालीं केला, आणि 1903 सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. त्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत निम्मा कारभार हिंदींत व निम्मा मराठींत चाले, राजधानी नागपूर. तिसरा वांटा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे तेलगू आणि कानडी जिल्ह्यांसह एका छत्राखालीं होते, आणि त्यांचा दरबार व वरचें शिक्षण उर्दूंतून चाले. चौथा वांटा लहानमोठ्या संस्थानांचा : कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, सावंतवाडी, जंजिरा, आणि आमच्या ठाणें जिल्ह्याच्या शेजारचें जव्हार.

याचा परिणाम केवळ नकाशावर झाला नाहीं. जमीनमहसुलाच्या पद्धति निराळ्या, कोर्टाचे कायदे निराळे, शाळेंतील भाषा निराळी. मुंबई इलाख्यांत रयतवारी होती. नागपुराकडे मालगुजार होते. पुण्याचा माणूस 1920 च्या सुमारास सभेंत भाषण करूं शके. नांदेडास साध्या सभेस परवानगी लागे. शंभर-सव्वाशें वर्षें निराळ्या छपराखालीं वाढलेल्या भावांच्या संवयी निराळ्या व्हावयाच्याच. मराठवाडा स्वतंत्र झाला तो 1948 सालच्या 17 सप्टेंबरला, म्हणजे इतरांच्या मागून तेरा महिन्यांनीं. मराठवाड्यांत तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. आमच्या घरीं त्या दिवशीं थोरली सून एकटीच त्याची आठवण काढी. दक्षिणेंतील बहुतेक संस्थानें 1948 च्या मार्चांत मुंबईंत विलीन झालीं, आणि कोल्हापूर 1949 च्या मार्चांत.

जोडणी

हे वांटे एकत्र आणण्याचा विचार 1946 सालीं बेळगांवच्या साहित्य संमेलनांत ठरावाच्या रूपानें पुढें आला. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, आणि ते नागपूरच्या ‘तरुण भारता’चे संपादक. ज्या बेळगांवांत संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेंच बेळगांव पुढें राज्याबाहेर राहिलें. आज त्यासंबंधीं आपण 2004 सालीं सर्वोच्च न्यायालयांत दाखल झालेल्या दाव्याकडे बोट दाखवितों. ज्यानें लग्न जुळविलें त्यालाच मांडवांत जागा मिळूं नये, असा हा प्रकार झाला.

विदर्भाच्या मनांत मात्र दुसराही विचार होता आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. मध्यप्रांताच्या विधिमंडळानें 1938 सालींच स्वतंत्र विदर्भाचा ठराव केला होता. लोकनायक अणे यांच्यासारखे थोर पुरुष त्या मताचे होते. म्हणून एकत्र येण्यापूर्वीं करार करावे लागले : 1947 सालीं अकोल्याचा, आणि 1953 च्या सप्टेंबरांत नागपूरचा. नागपूर करारांत नोकऱ्या, शिक्षण व विकासाचा खर्च यांत सर्व भागांस न्याय्य वांटा मिळावा, आणि विधिमंडळाचें एक अधिवेशन दरवर्षीं नागपुरास व्हावें, असें ठरलें. आज हिंवाळ्यांत सरकार नागपुरास जातें, त्याला कांहीं लोक थट्टेनें सहल म्हणतात. ती सहल नव्हे. राजधानी सोडून एकत्र नांदावयास आलेल्या शहरास दिलेल्या वचनाची ती दरसालची आठवण आहे.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्यपुनर्रचना आयोगानें 1955 सालीं अहवाल दिला. त्यांत आठ मराठी जिल्ह्यांचा निराळा विदर्भ, आणि मराठवाड्यासह उरलेल्या महाराष्ट्राचें गुजरातशीं मिळून द्वैभाषिक राज्य, अशी शिफारस होती. पुढें मुंबई शहर केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा बेत जाहीर झाला. 1955 च्या नोव्हेंबरांत आणि 1956 च्या जानेवारींत मुंबईंत गोळीबार झाले. या चळवळींत शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत गिरणीकामगार होते, विद्यार्थी होते, रस्त्यानें जाणारे होते. फ्लोरा फाउंटनजवळचें हुतात्मा स्मारक त्यांचें. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं याच प्रश्नावर राजीनामा दिला. 1956 च्या 1 नोव्हेंबरला विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र व कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य झालें. तें मराठी माणसास नको होतें, तसेंच गुजराथी माणसासही नको होतें. अहमदाबादेसही 1956 च्या ऑगस्टांत गोळीबार होऊन तरुण मेले, हें आम्हीं विसरूं नये. 1957 च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रानें संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पदरांत भरभरून मतें टाकलीं. अखेर 1960 च्या 1 मे रोजीं महाराष्ट्र व गुजरात हीं दोन राज्यें निराळीं झालीं. त्या वेळीं आपले जिल्हे 26 होते. आज ते 36 आहेत. वांटणींत डांग तिकडे गेला, आणि आमच्या ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांतील कांहीं गांवेंही गेलीं.

जर्मनींतील एक सोयरीक

अशी जोडणी फक्त आपल्याकडेच झाली, असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची घडी नव्यानें बसविण्यांत आली. 1947 सालीं प्रशियाचें राज्य कागदोपत्रींही मोडण्यांत आलें. इंग्रजांनीं आपल्या ताब्यांतील ऱ्हाइन प्रांताचा उत्तर भाग व वेस्टफालिया यांची 1946 च्या ऑगस्टांत मोट बांधून एक नवें राज्य केलें. त्याचें नांवच दोन्ही प्रांतांचीं नांवें जोडून ठेवलें आहे. पुढें लिप्पे हा लहान मुलूख त्यांत आला, तेव्हां राज्याच्या चिन्हांत ऱ्हाइन नदी, वेस्टफालियाचा घोडा आणि लिप्पेचें गुलाबाचें फूल, असे तिघांचेही मान राखले गेले.

बाडेन-व्युर्टेंबर्गची हकीकत आपणांस अधिक जवळची वाटेल. तेथें तीन तुकड्या एकत्र करण्यापूर्वीं 1951 सालीं लोकांचें मत घेतलें. एकंदर कौल विलीनीकरणास अनुकूल पडला व 1952 सालीं राज्य झालें. पण जुन्या बाडेनच्या सबंध मुलुखाचीं मतें निराळीं मोजलीं असतां तेथें विरोधकांचें थोडें बहुमत होतें. बाडेनकर कुरकुरत राहिले. कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटीं 1970 सालीं बाडेनमध्यें पुन्हा मत घेण्यांत आलें, तेव्हां शंभरांतील ऐंशींहून अधिक लोकांनीं एकत्रच राहावयाचें, असें सांगितलें. अठरा वर्षांत असें काय घडलें? एकाच घरांत नांदून आपणांस कमी वाढलें जात नाहीं, अशी बहुतेकांची खात्री पटली असली पाहिजे. तें राज्य आज टिकून आहे.

आपल्याकडे त्या रीतीनें विचारणें झालें नाहीं. जर्मनीच्या राज्यघटनेप्रमाणें राज्यांच्या सीमा बदलतांना लोकमत घ्यावें लागतें. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें संसद कायदा करून राज्य घडवूं किंवा मोडूं शकते, विधिमंडळाचें मत विचारतात तेवढेंच. म्हणून विदर्भांतील माणसाची कुरकुर ऐकतांना रागावून चालणार नाहीं. 1984 सालीं वि. म. दांडेकर यांच्या समितीनें कोणत्या भागांत रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने किती मागें राहिले याचा हिशेब मांडला, आणि ‘अनुशेष’ हा शब्द घरोघर पोंचला. घटनेच्या 371 व्या कलमाखालीं 1994 सालीं विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठीं विकास मंडळें स्थापन झालीं. 2020 सालीं त्यांची मुदत संपली. हिशेब मागणारा भाऊ घर फोडावयास निघाला आहे, असें नेहमीं समजूं नये. कित्येकदां तो घरांत राहावयाचें म्हणूनच हिशेब मागतो.

व्याकरणाचा एक धडा

आमच्या जुन्या धंद्यास अनुसरून एक गोष्ट सांगतों. संस्कृतांत द्वंद्व समासाचे दोन मुख्य प्रकार आहेत. इतरेतर द्वंद्वांत दोन्ही पदें आपआपली ओळख राखून उभीं असतात. रामलक्ष्मण म्हटलें कीं दोघे दिसतात. समाहार द्वंद्वांत अनेक पदें मिळून एक समुदाय होतो, आणि तो शब्द नपुंसकलिंगी एकवचनी चालतो. ‘पाणिपादम्’ म्हणजे हात आणि पाय मिळून एक वस्तु. जर्मनांनीं आपल्या राज्यास इतरेतर पद्धतीचें नांव दिलें. आपण ‘महाराष्ट्र’ हें एकच जुनें नांव घेतलें. तेंही नपुंसकलिंगी एकवचनीच आहे. परंतु समाहार द्वंद्व झाला म्हणून हात पायांत विरघळत नाहींत. समासाचा विग्रह करतां आला तरच अर्थ कळतो, हें आम्हीं मुलांस जन्मभर सांगितलें. राज्याच्या बाबतींत तो विग्रह स्वतः करावयास मात्र विसरलों.

आणि हा विग्रह मराठी भाषिकांपाशींच संपत नाहीं. आमच्या हेंद्रेपाड्याच्या नांवांतील ‘पाडा’ हा शब्दच सांगतो कीं या इमारतींच्या पूर्वीं येथें लहान वस्ती होती. या पट्ट्यांत आगरी, कुणबी, ठाकूर व कातकरी लोक आमच्या पुष्कळ आधींपासून राहतात. त्यांच्या बोलीस ‘अशुद्ध’ म्हणण्याचें पातक आमच्याही हातून वर्गांत घडलें आहे. दोन स्टेशनें पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांस आसरा दिला गेला, आणि 1949 सालीं त्या छावणीस हें नांव मिळालें. सिंध एके काळीं याच मुंबई इलाख्यांत होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ते लोक अगदींच परके राहत नाहींत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी या सर्व बोली आणि ही माणसें मिळून हें राज्य आहे. 2024 च्या ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो केवळ पुणेरी मराठीस मिळाला नाहीं.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हें समजावयास कठीण जाऊं नये. आमच्या घरीं सणाला पुरणपोळी असते. पण धाकटीच्या हातचा वडाभात आणि थोरलीचीं धपाटीं आतां आमच्याच घरचीं झालीं आहेत, आणि सौभाग्यवतींच्या सोलकढीशिवाय कोणाचें जेवण संपत नाहीं. ही गोष्ट आपोआप घडली नाहीं. पहिलीं कांहीं वर्षें ‘आमच्याकडे असें नसतें’ हें वाक्य या घरांत पुष्कळदां उच्चारलें गेलें, आणि तें बहुधा आम्हीच उच्चारीत होतों. ज्या दिवशीं तें थांबलें, त्या दिवसापासून घरांत शांतता आली.

नातीनें त्या दिवशीं आमचें उत्तर खोडलें. मग ती स्वयंपाकघरांत गेली, तिघींजवळ बसली आणि कोणाचे आजोबा कोणाच्या राज्यांत जन्मले तें लिहून घेऊन आली. तिचीं पांच मिनिटें त्यांतच संपलीं. शिवाजी महाराजांचें नांव तिनें घेतलें. पण निजामाचें, नागपूरचें आणि सावंतवाडीचेंही घेतलें. कार्यक्रम संपल्यावर शेजारचे एक वृद्ध गृहस्थ तिला म्हणाले, “बाळ, माझा जन्म बीडचा. तें कोणी विचारलें नव्हतें.” ते आमच्याच जिन्यावर पंधरा वर्षें राहतात, आणि आम्हांसही तें ठाऊक नव्हतें.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. पुढील एक मेच्या आधीं आपल्या घरांतील व शेजारच्या वडील मंडळींस एकदां विचारावें : तुमचे आजोबा कोणाच्या राज्यांत जन्मले, कोणत्या भाषेंत शिकले, आणि महाराष्ट्रांत केव्हां आले? उत्तरें वहींत टिपून ठेवावीं. हीं माणसें फार दिवस पुरणार नाहींत. आणि हा इतिहास शाळेच्या पुस्तकांत, निदान आमच्यासारख्या मास्तरांच्या तोंडून, अजून पुरता सांगून झालेला नाहीं.